नळीचा पीळ : दोन इंचांनी मागे पडलेल्या रायफलीची गोष्ट



रानडुकरांच्या नोंदी टाकल्या की खाली एक प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतले शेतकरी म्हणे उपद्रवी जनावरांसाठी रायफल ठेवतात, मग ती कसली असते? आणि तिकडची मंडळी ‘ट्विस्ट किती, ट्विस्ट किती’ करत एवढा वाद का घालतात? उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसलो आणि वाचता वाचता इतिहासातच शिरलो. त्यात १९५५ सालची एक गोष्ट मिळाली. बंदुकीशी ज्याचा काही संबंध नाही, पण जो ट्रॅक्टर, पंप, पेरणीयंत्र असं काहीतरी एकदाच पैसे घालून घेतो आणि पुढं वीस वर्षं वापरतो, त्यानंही वाचावी अशी आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. दोन मोठ्या कंपन्यांनी एकाच वर्षी, एकाच जाडीच्या गोळीची दोन नवी काडतुसं बाजारात आणली. ताकद जवळपास सारखीच. एकीनं नळीला १० इंचांत एक फेरा असा पीळ दिला, दुसरीनं १२ इंचांत एक. फरक दोन इंचांचा. पहिलं काडतूस आज सत्तर वर्षांनीही दुकानात मिळतं. दुसऱ्याचं आठ वर्षांत नाव बदलावं लागलं.

आधी आपल्याकडचं सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. आपल्या शस्त्र कायद्यात, १९५९ च्या, पीकसंरक्षणासाठी म्हणून जी बंदूक सांगितली आहे ती ठासणीची. कोकणात, घाटमाथ्यावर जुन्या घरांत ती अजून दिसते. ठासणीची काय किंवा बारा बोअर काय, नळी आतून गुळगुळीत. पीळ नाहीच. आणि बंदुकीचा परवाना ही एक गोष्ट, रानडुक्कर मारायची वनखात्याची परवानगी ही दुसरी. एक असली म्हणजे दुसरी मिळाली असं होत नाही. तेव्हा ही नोंद काय विकत घ्यावं हे सांगायला लिहिलेली नाही. गोष्ट तिकडची आहे, तिकडच्या शेताची आहे.

पीळ म्हणजे काय

रायफलच्या नळीत आतून नागमोडी खाचा असतात, बोल्टच्या आट्यांसारख्या, पण फार लांबवर फिरत गेलेल्या. गोळी त्या खाचांत घट्ट बसून पुढं जाते आणि जाता जाता स्वतःभोवती फिरायला लागते. कशाला फिरवायची? भोवऱ्यासारखं आहे बघा. भोवरा फिरत असतो तोवर आरीवर उभा राहतो, वेग कमी झाला की डुलायला लागतो आणि आडवा होतो. लांबुळकी गोळीही तशीच. पुरेशी फिरली नाही तर हवेत डुलते, कोलांट्या खाते आणि कागदावर गोल भोक पडायच्या ऐवजी आडवं, लांबट भोक पडतं.

किती इंचांत एक पूर्ण फेरा, तो नळीचा पीळ. १२ इंचांत एक फेरा म्हणजे ‘१२ चा पीळ’. आकडा लहान तितका पीळ घट्ट, मोठा तितका सैल. दोरखंडाचं गणित डोक्यात ठेवलं की चुकत नाही.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर उभी आहे. एक, पीळ किती लागणार हे प्रामुख्यानं गोळीच्या लांबीवर ठरतं, वजनावर नाही. उंच भोवरा उभा ठेवायला जास्त जोर लागतो, तसंच हे. वजन वाढलं की सहसा लांबी वाढते, म्हणून लोक वजनाच्या भाषेत बोलतात, पण खरी गोष्ट लांबीची. दुसरी, पीळ एकदा नळीत कापला की संपलं. दुर्बीण बदलता येते, दस्ता बदलता येतो, काडतूस बदलता येतं. पिळाचं मात्र आपल्या म्हणीसारखं आहे, सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. तो बदलायचा तर नळीच बदलायची.

आकडा आला कुठून

पिळाचा इतिहास आपल्या देशाला अनोळखी नाही. १८५७ च्या उठावात ज्या काडतुसांच्या चरबीवरून भडका उडाला, ती एनफील्ड रायफल १८५३ सालच्या नमुन्याची. तिचा पीळ ७८ इंचांत एक फेरा. नळी ३९ इंचांची. म्हणजे गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत अर्धाच फेरा घ्यायची. गोळी जाडी, आखूड, वजनाला ५३० ग्रेन. (एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, इंग्रजांनीच १८३३ मध्ये बांधून दिलेलं माप. म्हणजे ही गोळी जवळजवळ तीन तोळ्यांची.)

त्याच सुमाराला इंग्लंडच्या सरकारनं जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या मँचेस्टरच्या यंत्रकाराला सांगितलं, रायफलची नळी नीट अभ्यासून दाखव. हा व्हिटवर्थ तुमच्या गावातल्या फिटरला नावानं ठाऊक नसेल, पण कामानं ठाऊक आहे. जुन्या इंजिनांचे, पंपांचे ‘बी. एस. डब्ल्यू.’ आट्यांचे बोल्ट येतात ना, त्यातला डब्ल्यू तो हाच. आट्यांचं पहिलं प्रमाण त्यानं १८४१ मध्ये बांधलं. त्यानं वेगवेगळ्या पिळांच्या नळ्या करून पाहिल्या आणि २० इंचांत एक फेरा या आकड्यावर येऊन थांबला. गोळीचं वजन एनफील्डइतकंच ठेवलं, पण जाडी कमी केली. वजन तेच आणि जाडी कमी म्हणजे गोळी लांब झाली. लांब झाली म्हणून घट्ट पीळ लागला. १८५७ च्या चाचण्यांत लांब पल्ल्यावर व्हिटवर्थच्या रायफलीनं एनफील्डला स्पष्ट मागे टाकलं. महाग होती, बारीक नळी दारूच्या काजळीनं लवकर भरायची, म्हणून फौजेनं घेतली नाही. पण लांब गोळी आणि घट्ट पीळ यांची जोडी तिथं सिद्ध झाली.

मग १८७९ मध्ये आल्फ्रेड ग्रीनहिल या गणितज्ञानं ते सूत्रात बसवलं. तो वुलविचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवायचा. सूत्र इतकं सोपं की पाटीवर करता येतं. गोळीच्या जाडीचा वर्ग करायचा, त्याला १५० नं गुणायचं, गोळीच्या लांबीनं भागायचं. सगळं इंचांत. उत्तर येईल तितक्या इंचांत एक फेरा हवा. पुढं वेगवान काडतुसं आली तेव्हा १५० च्या जागी १८० धरायची पद्धत पडली. आज याहून अचूक सूत्रं आहेत, पण अंदाज घ्यायला ग्रीनहिलच बरा.

अमेरिकेतलं शेत आणि ‘व्हार्मिंट’

आता अटलांटिक ओलांडू. आपल्या वन्यजीव कायद्यात ‘व्हर्मिन’ असा शब्द आहे, उपद्रवी म्हणून घोषित केलेल्या प्राण्यांसाठी. त्याचाच अमेरिकेतला गावठी उच्चार ‘व्हार्मिंट’. पूर्वेकडं वुडचक, म्हणजे ग्राउंडहॉग. खारीच्या कुळातला पण चांगला चार-पाच किलोचा होणारा प्राणी. गवताच्या कुरणात बिळं करतो. गवत वाढलं की बीळ दिसत नाही. पूर्वी घोड्याचा पाय त्यात जायचा, नंतर कापणी यंत्राचं चाक जायला लागलं. पश्चिमेकडं प्रेअरी डॉग, रॉकचक, जमिनीतल्या खारी. जिथं मेंढरं आहेत तिथं कोयोट, कोल्ह्याच्या जातीचा.

लक्ष्य लहान, अंतर दोनशे-तीनशे यार्ड, आणि आसपास दुसऱ्याची वस्ती, गुरं. म्हणून तिथल्या लोकांना हलकी, फार वेगवान, लागल्याबरोबर फुटून जाणारी गोळी हवी होती, जमिनीवर आपटून टणकन उडून भलतीकडं जाणारी नको होती. यातून .२२ जाडीच्या वेगवान काडतुसांची मालिका आली.

१९३० मध्ये .२२ हॉर्नेट. पीळ १६ चा. हा आकडा साध्या .२२ रिमफायरचा, म्हणजे खेळातल्या नेमबाजीच्या बारक्या काडतुसाचा. तोच पुढं चालत आला. १९३५ मध्ये .२२० स्विफ्ट, ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला ४,१०० फुटांवर वेगानं. पीळ १४ चा. १९५० मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर यांनी .२२२ रेमिंग्टन केलं, अचूकपणात ते पुढं कित्येक वर्षं मापदंड होतं. पीळ तोच, १४.

इतका सैल पीळ का? तेव्हाच्या काळात ते शहाणपणाचंच होतं. फ्रँकलिन मान या मॅसॅच्युसेट्सच्या डॉक्टरांनी आयुष्यातली अनेक वर्षं घालून गोळीच्या उड्डाणाचा अभ्यास केला आणि १९०९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्या प्रयोगांचा गाभा असा, की गोळीचं वजन मध्यापासून जरा जरी एका बाजूला असलं तर ती नळीतून सुटताक्षणी थोडी बाजूला फेकली जाते. जितकी जास्त फिरवाल तितकी जास्त फेकली जाते. ट्रॅक्टरचं चाक बॅलन्स नसलं तर सावकाश जाताना कळत नाही, रस्त्यावर वेग घेतला की हादरायला लागतं, तसं.

आणि तेव्हाच्या गोळ्या खरोखर एकसारख्या नसायच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तर गोळ्या मिळायच्याच नाहीत. कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन नावाच्या माणसानं वापरलेल्या .२२ रिमफायरच्या रिकाम्या टोप्या दाबून त्यांपासून गोळीचं कवच करायचे साचे बनवले. रॉकचक मारायच्या गोळ्यांचे साचे म्हणून कंपनीचं नाव पडलं आरसीबीएस, म्हणजे ‘रॉकचक बुलेट स्वेज’. आयडाहोत व्हर्नन स्पीअर यांनीही अशाच टोप्यांपासून गोळ्या केल्या. जुगाड आपल्याकडंच होतो असं नाही, मंडळी. अशा कवचाच्या गोळ्यांना गरजेपेक्षा जास्त फिरवायचं नाही, हा अनुभवाचा नियम होता. आखूड गोळी, सैल पीळ, चांगला नेम.

पण त्याच देशात दुसरं उदाहरणही समोर होतं. १९०३ मध्ये अमेरिकी फौजेनं .३० जाडीचं नवं काडतूस घेतलं, गोळी २२० ग्रेनची, लांब, बोथट टोकाची. तिला साजेसा पीळ १० चा. तीन वर्षांत विचार बदलला, १९०६ पासून १५० ग्रेनची हलकी टोकदार गोळी आली. पीळ तसाच १० चा ठेवला. हे .३०-०६ काडतूस. घट्ट पीळ असल्यामुळं त्यात हलकी गोळी चालली, मधली चालली, जड चालली. शंभर वर्षं होऊन गेली, अजून चालते. पीळ सगळ्यांत लांब गोळीला धरून ठरवला होता, बाकीच्या त्यात मावल्या.

१९५५

पन्नाशीच्या दशकात तिथल्या नेमबाजांना .२२ आणि .३० च्या मधलं काहीतरी हवं होतं. ६ मिलिमीटर, म्हणजे .२४३ इंच जाडीची गोळी. हलकी घेतली तर वुडचकला, जड घेतली तर हरणाला. मागणी कुणाची, ते बघा. शहरातला हौशी माणूस चार रायफली ठेवेल. शेतकऱ्याच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी एकच टांगलेली असणार. उन्हाळ्यात कुरणातली बिळं आणि नोव्हेंबरात हरणाचा हंगाम, दोन्ही तिनंच करायचं.

विंचेस्टरनं .२४३ विंचेस्टर काढलं. पीळ १० चा. कारखान्याची काडतुसं दोन, ८० ग्रेनचं उपद्रवी जनावरांसाठी आणि १०० ग्रेनचं हरणासाठी.

रेमिंग्टननं .२४४ रेमिंग्टन काढलं. त्यामागं वर सांगितलेल्या फ्रेड हंटिंग्टन यांच्या घरगुती प्रयोगांचा मोठा वाटा होता. नावात .२४४ असलं तरी गोळीची जाडी तीच, .२४३. काडतुसात दारू जरा जास्तच मावायची, म्हणजे वेगात रेमिंग्टन किंचित वरचढ. पण त्यांच्या डोक्यात ही रायफल मुख्यतः व्हार्मिंटची. म्हणून काडतुसं ७५ आणि ९० ग्रेनची, आणि पीळ १२ चा. सैल पिळाचा जुना, अनुभवानं सिद्ध झालेला नियम त्यांनी पाळला.

आता ग्रीनहिलचं गणित लावून बघा. जाडी .२४३, तिचा वर्ग साधारण .०५९, त्याला १८० नं गुणलं की १०.६. याला पिळानं भागलं की त्या नळीत जास्तीत जास्त किती लांब गोळी सांभाळली जाईल ते निघतं.

१२ च्या पिळात सुमारे साडेबावीस मिलिमीटर.
१० च्या पिळात २७ मिलिमीटर.
९ च्या पिळात ३० मिलिमीटर.

टोकदार १०० ग्रेनची गोळी लांबीला इंचाच्या आसपास, म्हणजे २५-२६ मिलिमीटर. विंचेस्टरच्या नळीत आरामात. रेमिंग्टनच्या नळीत डुलणार. सगळी गोष्ट या तीन-चार मिलिमीटरांची आहे.

खरं तर ९० ग्रेनच्या गोळीनं हरीण पडत नव्हतं असं नाही. पडत होतं. जाणकार आजही म्हणतात की .२४४ हे काडतूस म्हणून तोडीस तोड होतं, थोडं सरसच. पण घेणारा माणूस दुकानात उभा राहून काय विचार करतो? हिच्यात १०० ग्रेन चालतं, तिच्यात चालत नाही. मला उद्या लागलं तर? दहा ग्रेनचा फरक, तोळ्याच्या अठराव्या भागाचा. पण ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’ यातला फरक वजनात मोजता येत नाही. लोकांनी विंचेस्टर घेतली.

रेमिंग्टनला हे कळायला वेळ लागला नाही. त्यांनी .२४४ नावाखालीच पीळ बदलून ९ चा करायला सुरुवात केली. पण नाव खराब झालं होतं. .२४४ म्हटलं की जड गोळी चालत नाही, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. गावात एखाद्या बियाण्याचं नाव एकदा पडलं की पुढच्या वर्षी कंपनीनं कितीही सुधारलं तरी कुणी हात लावत नाही, तसंच. शेवटी १९६३ मध्ये तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन अशा नव्या नावानं आणलं, ९ चा पीळ आणि १०० ग्रेनची गोळी घेऊन. काडतूस चांगलं होतं, पण तोवर .२४३ नं घरं धरली होती. पुढं ते .२४३ ला कधीच गाठू शकलं नाही.

फौजेलाही हाच धडा

१९६३ सालीच अमेरिकेच्या फौजेत हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडत होती. नवी एआर-१५ रायफल, पुढं एम-१६ झाली ती. काडतूस .२२२ च्याच घराण्यातलं, त्यामुळं पीळही तिथूनच आला, १४ चा. गोळी ५५ ग्रेनची. सौम्य हवेत ठीक चाललं. पण कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते. शून्याच्या ४० अंश खाली हवेची घनता आपल्या उन्हाळ्यातल्या हवेपेक्षा पावपट तरी जास्त. दाट हवेत गोळी सांभाळायला फिरकी जास्त लागते. अलास्कातल्या थंडीच्या चाचण्यांनंतर नेमाचा प्रश्न पुढं आला आणि पीळ १२ केला.

पुढं १९८० मध्ये नाटो देशांनी बेल्जियमची ६२ ग्रेनची, पोलादी टोकाची गोळी प्रमाण ठरवली. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून गोळी वजनाच्या मानानं लांब. १२ चा पीळ तिला पुरेना. त्या गोळीला ९ चा पीळ पुरला असता. पण तिच्या जोडीची जळत जाणारी, मार्ग दाखवणारी ट्रेसर गोळी आणखी लांब. म्हणून एम-१६ ए-२ ला पीळ दिला ७ चा. नव्वद टक्के वेळा साधी गोळीच उडणार, पण पीळ ठरवला सगळ्यांत लांब गोळीनं. ओढ्यावरच्या मोरीची पाइप रोजच्या धारेवर घेत नाही आपण, पुरावर घेतो. तसंच हे.

आणि मग तांबं आलं

इथवर गोष्ट जुनी. पण शेतकऱ्याच्या दाराशी ती पुन्हा आली. १९८९ मध्ये बार्न्स कंपनीनं शिसं नसलेली, अख्ख्या तांब्याची गोळी बाजारात आणली. तेव्हा ती हौस होती. पण कॅलिफोर्नियात काँडोर नावाचं प्रचंड गिधाड आहे, जवळपास नामशेष झालेलं. मारलेल्या जनावरांच्या अंगात राहिलेले शिशाचे कण खाऊन ही गिधाडं मरत होती. आपल्याकडं गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं गिधाडं गेली, तिकडं शिशानं. २००८ पासून काँडोरच्या मुलखात शिशाच्या गोळीवर बंदी आली आणि १ जुलै २०१९ पासून अख्ख्या राज्यात, शिकारीसाठी आणि उपद्रवी जनावरांसाठीही.

तांब्याची घनता ९ च्या आतबाहेर, शिशाची ११ च्या वर. म्हणजे त्याच जाडीची, त्याच वजनाची गोळी तांब्यात केली की लांब होणारच. ज्याच्याकडं १९६५ नंतरची .२२-२५० रायफल होती, १४ च्या पिळाची, तिनं ५५ ग्रेनची शिशाची गोळी आयुष्यभर झकास टाकली. तीच ५५ ग्रेनची तांब्याची गोळी ती नळी धड सांभाळत नाही, आणखी हलक्या गोळीवर उतरावं लागतं. रायफल बिघडली नाही, माणूस बदलला नाही, शेत बदललं नाही. कायदा बदलला आणि साठ वर्षांपूर्वी कारखान्यात कुणीतरी कापलेला आकडा आडवा आला. आता काही कंपन्या .२२-२५० लाही ९ चा, ८ चा पीळ देतात, ते यामुळंच आणि लांब, वारा कमी खाणाऱ्या गोळ्यांमुळं.

मग घट्टच पीळ घ्यावा का?

सरसकट नाही, दुसरी बाजूही बघा. सेकंदाला ३,६०० फूट वेगानं जाणारी गोळी १४ च्या पिळात मिनिटाला सुमारे १ लाख ८५ हजार फेरे घेते. ९ च्या पिळात २ लाख ८८ हजार. ७ च्या पिळात ३ लाख ७० हजार. आपला हातातला ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फिरतो, आणि त्याचं चाक तडकलेलं असलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. हॉर्नेटसारख्या सावकाश काडतुसासाठी केलेली पातळ कवचाची गोळी ७ च्या पिळात पूर्ण वेगानं टाकली तर निशाणापर्यंत पोचायच्या आत हवेतच भुगा होऊ शकतो. जुन्या माणसांची सैल पिळाची आवड अशी बिनबुडाची नव्हती.

फक्त एक गोष्ट बदलली. गोळ्यांची कवचं आता इतकी एकसारखी निघतात, की थोडी जास्त फिरकी दिल्यानं नेमाचं जे नुकसान व्हायचं ते नगण्य झालं. पीळ कमी पडला तर मात्र शिक्षा पूर्वीइतकीच, गोळी आडवी. थोडा जास्त झाला तर चालून जातं, थोडा कमी झाला तर चालत नाही. दोन्हीकडची चूक सारख्या किमतीची नाही, हे ओळखणं महत्त्वाचं.

म्हणून एकाच रायफलीत सगळं बसवायचं तर तिथले जाणते लोक टोकं सोडून मधला घट्ट आकडा धरतात. .२२३ मध्ये ९ किंवा ८, म्हणजे ४० ग्रेनपासून ७० च्या पुढंमागं सगळं चालतं. फक्त प्रेअरी डॉगसाठीच, हलक्याच गोळ्या टाकायच्या, असं ठरलेलं असेल तर १२ सुद्धा उत्तम. ६ मिलिमीटरमध्ये मात्र गंमत बघा. १९५५ ला जिंकलेला विंचेस्टरचा १० चा पीळ आज नव्या लांबलचक १०५-१०८ ग्रेनच्या गोळ्यांना अपुरा पडतो. नवी ६ मिलिमीटरची काडतुसं ८ च्या आसपासचा पीळ घेऊन येतात. त्या वेळचा विजेताही कायमचा विजेता नव्हता, त्याच्याकडं शिल्लक थोडी जास्त होती इतकंच.

जुनी रायफल घेणारे तिकडं एक करतात, तेही लिहून ठेवतो. नावावर जात नाहीत, कारण .२४४ च्या नावाखाली १२ चाही पीळ निघतो आणि ९ चाही. रायफल रिकामी आहे याची खात्री करायची. सफाईच्या गजाला, मूठ मोकळी फिरणारी असेल असा, घट्ट चिंधी लावायची. गज नळीत घालायचा, मुठीजवळ गजावर एक खूण, नळीच्या तोंडाशी गजावर दुसरी. मग हळू ओढत राहायचं. मुठीजवळची खूण पूर्ण फेरा घेऊन परत वर आली की गज किती इंच बाहेर आला ते टेपनं मोजायचं. तोच पीळ. दोन-तीनदा मोजून सरासरी घ्यायची.

मला या सगळ्यात रेमिंग्टनच्या लोकांचं वाईट वाटतं. त्यांनी आळस केला नव्हता. त्यांच्याजवळ वीस-पंचवीस वर्षांचा खरा अनुभव होता आणि त्या अनुभवानुसार १२ हा आकडा बरोबर होता. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की ही रायफल मुख्यतः कशासाठी लागणार? विंचेस्टरनं विचारलं, घेणाऱ्याला हिच्याकडून कधीतरी जास्तीत जास्त काय लागेल? जी गोष्ट नंतर बदलता येते तिच्यासाठी पहिला प्रश्न पुरतो. जी बदलता येत नाही, विहिरीचा व्यास, गोठ्याची उंची, जमिनीखालून टाकलेली पाइपलाइन, तिच्यासाठी दुसराच विचारावा लागतो.

तुमच्याकडं अशी एखादी वस्तू असेल, घेताना दोन इंच जास्त घेतली म्हणून आज कामाला येते किंवा कमी घेतली म्हणून अडते, तर खाली जरूर लिहा. पुढची नोंद पाइपलाइनवरच करायचा विचार आहे, त्यात घेतो.